मांजराचं माप

"एवढं सागवानी दार, अन् त्याला भोक?" बाळासो सुतारानं पटाशी हातातच धरली. "भाबी, वरीस न्हाय झालं मी हे बसवून. माझ्याच हातानं फोडायला लावताय की!"

"फोडा, बाळासोभाऊ," सदफ म्हणाली. "ती ऐकत न्हाय."

ती, म्हणजे सदफची सात वर्षांची जोया, उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. मांडीवर करडी मांजर. टीव्हीवर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी ऐकली तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता. धरणाचं दार आपोआप उघडतंय, मग आपलं का न्हाय? मांजराला जायला-यायला दार होईस्तोवर ती घरातनं हलणार नव्हती. आणि हलायला तर हवंच होतं. कुरुंदवाडच्या घाटाच्या पायऱ्या सकाळीच पाण्यात गेल्या होत्या. सदफचा नवरा अबुजर पेट्या-गाद्या टेम्पोत भरून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत बहिणीकडं ठेवायला गेला होता. तो परत आला की सगळ्यांनी निघायचं.

"नाव काय गं हिचं?" बाळासोनं विचारलं.

"न्हाय ठेवलं."

"का?"

"पूर जाऊ दे. मग ठेवणार."

बाळासोनं सदफकडं पाहिलं. सदफनं भिंतीकडं.

भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला निळ्या ऑइलपेंटची रेघ होती. दोन हजार पाचच्या महापुराची. तिच्या सासऱ्यांनी, लालासाबांनी, स्वतः मारलेली. घरी आलेल्या प्रत्येक पाव्हण्याला ते ती दाखवायचे, "पाणी ह्याच्या वर येत न्हाय." गेल्या पावसाळ्यात बोट दारात लागली तेव्हा सदफनं त्याच रेघेच्या भरवशावर मलईला, जोयाच्या आधीच्या मांजरीला, माळ्यावर चढवलं होतं. बशीभर दूध ठेवलं होतं. "दोन दिवसांत येतोय की आपण," म्हणून रडत्या जोयाला काखेत मारलं होतं आणि कुलूप घातलं होतं. पुरात रिकामी घरं फोडतात, म्हणून बोटीतनं परत उतरून कुलूप एकदा ओढूनही पाहिलं होतं.

आता भिंतीवर दुसरी एक रेघ होती, मातकट, माळ्याच्याही वर. ती कुणी मारलेली नव्हती. घासली तरी जात नव्हती.

पाणी ओसरल्यावर जुन्या दाराला आतल्या अंगानं ओरखडे सापडले. अबुजरनं ते दार घाईघाईनं रस्त्यावरच्या ढिगात नेऊन टाकलं. पण तोवर जोयाचं बोट त्यावरनं फिरलं होतं.

"मला एक सांग पोरी," बाळासो पेन्सिलीनं दारावर चौकोन आखत म्हणाला, "पाणी आलं की खालचं भोकच पहिलं बुडणार. मग ही जाणार कुठनं?"

"त्याच्या आधीच जाईल. तिला कळतं." जोया मांजराच्या कानामागं खाजवत होती. "अम्मीला न्हाय कळत."

सदफ चहा टाकायला आत गेली. चहा कुणी मागितला नव्हता. यंदा मांजर पिशवीत घालून बरोबर न्यायची, हे तिनं काल अल्लाची शपथ घेऊन सांगितलं होतं. पोरगी नुसती बघत राहिली होती.

कटर किंचाळला. मांजर टुणकन उडी मारून पलंगाखाली गेली. सागवानाचा भुसा उंबऱ्यावर सांडला. बाळासोनं कडा घासल्या, प्लायचा तुकडा बिजागरीवर टांगला आणि बोटानं ढकलून दाखवला. आत गेला, बाहेर आला.

"घ्या. मांजराचा राजवाडा झाला."

"अम्मी, तू बाहेर जा," जोया म्हणाली. "मामा, तुम्ही पण. अन् बाहेरनं कुलूप लाव."

"कशाला गं?"

"बघायचंय."

सदफ पायरीवर आली. दार ओढलं, कडी घातली. कुलूप कडीत अडकवलं आणि हात तिथंच राहिला.

"लावलंस?" आतनं आवाज आला.

"लावलं."

"न्हाय लावलंस. आवाज न्हाय आला."

बाळासो तंबाखू मळायचा थांबला. सदफनं कुलूप दाबलं. खट्.

आत थोडा वेळ काहीच हललं नाही. मग प्लायचा तुकडा उचलला गेला. सदफला वाटलं, मांजर येईल. आधी एक हात आला. मग डोकं आलं, भुशानं भरलेली वेणी आली, आणि खांद्यापाशी सगळं अडलं. जोयानं जोर लावला. दुसरा खांदा काही सुटेना.

"मामा, बारीक झालं," ती धापत म्हणाली. "अजून पायजे."

"अगं खुळे, मी माप मांजराचं घेतलंय! तुझं न्हाय." बाळासो हसला. मग एकटाच हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

जोया त्याच्याकडं बघतच नव्हती. मान वर करून ती आईकडं बघत होती, आणि आईच्या हातातल्या किल्लीकडं.

सदफ पायरीवर खाली बसली. पोरीचं डोकं तिनं दोन्ही तळव्यांत धरलं. वेणीतला भुसा वेचायला लागली, एकेक कण.

"कापा, बाळासोभाऊ. हिच्या मापाचं."

"भाबी, एवढं ठेवलं तर चोर सरळ आत येईल की."

"येऊ द्या," सदफ म्हणाली.