खिडकीतला दिवा
आमच्याकडे, नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नोव्हेंबरात बुडालेला सूर्य जानेवारीतच वर येतो. तोवर बालवाडीत आम्ही उजेड-अंधाराची चित्रपुस्तकं वाचतो. मी तिथली शिक्षिका; इथल्या रीतीप्रमाणे मुलं मला नुसतं तोरिल म्हणतात. त्या दिवशीही भर दुपारी बाहेर काळोख होता. मी खिडकीत दिवा लावला, मुलांना जवळ घेतलं आणि अंधारात घर शोधणाऱ्या सशाची गोष्ट सुरू केली. दोन पानं होतात न होतात तोच झ्लाता उठली आणि तिने दिव्यावर स्वतःचं जाकीट टाकलं. ही पाच वर्षांची मुलगी उन्हाळ्यात युक्रेनहून आली होती. मी जाकीट काढलं. तिने पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा मी चिडलेच. "अगं, जळेल ना ते! बस बघू खाली." "दिव्याला घाबरते! भित्री भागूबाई!" शेजारचा सिव्हर्ट हसला. झ्लाता बसली नाही. छताकडे बघत ती म्हणाली, "बाहेरून दिसतो तो. दिसला की वरून टाकतात." "काय टाकतात?" सिव्हर्टने विचारलं. तिला आमच्या भाषेतला तो शब्द येत नव्हता. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी दिवा मालवला.  काळोखात झ्लाताचाच आवाज आला, "तोरिल, पण ससा दिसत नाहीये." तिने चाचपडत पडदे ओढले, फटींत आपले लोकरी हातमोजे कोंबले. सिव्हर्टनेही निमूटपणे आपले आणून दिले. "आता लाव," ती म्हणाली. मी दिवा लावला, पान उलटलं आणि माझ्याही नकळत कुजबुजतच पुढची गोष्ट वाचू लागले.