करंगळीचा तडा

रेडिऑलॉजी शिकणाऱ्या पोरीला प्रबंधाचा विषय सरांनीच हौसेनं दिला होता: तोच एक्स-रे महिनाभरानं पुन्हा दाखवला, तर डॉक्टरांचं मत तेच राहतं का? तिनं जुने एक्स-रे विभागातल्या सगळ्यांना दोनदा दाखवले, सरांनाही. आज ती सही घ्यायला आली. पडद्यावर एक करंगळी होती, खाली नाव न घालता एकाच डॉक्टरची दोन मतं. “हाडाला तडा गेलाय, आंधळ्यालाही दिसेल!” सर हसले. “पहिल्यांदा ‘तडा नाही’ म्हणणारा हा दीडशहाणा कोण?” भलत्याचं नाव घेतलं असतं, तर सही मिळाली असती. “सर, तुम्हीच.” सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. चेहरा असा, की चूक करंगळीचीच असावी. “माझं उत्तर बदललं नाहीस ना?” “नाही, सर.” त्यांनी सही केली, शेजारची खुर्ची ओढली. “बस. मला आता तडाच दिसेना. तू बघ.”