वैरणीची जागा

दळताना ओव्या गाणाऱ्या आईचा, हौसाबाईचा, आवाज मैनाला वीस वर्षांनीही आठवत होता. जात्यात मूठभर दाण्यांची वैरण घालताना हौसाबाई ओवीच्या मध्येच थांबायची.

मंचावर राजोपाध्येबुवा आपली ‘नवी रचना’ गाताना नेमके तिथेच थांबले. साथीला यंत्रावर बसलेल्या मैनाने बटण दाबलं. गाणं ज्याच्याकडून उचललं, त्याचा आवाज गाणाऱ्याच्या गळ्यातून वेगळा काढणारं ते यंत्र. सभागृहात हौसाबाई गाऊ लागली.

"बंद कर गं!" बुवा कुजबुजले.

"गा की बुवा! आई साथ करतेय तुम्हाला."

मैना आवाज वाढवतच गेली.

शेवटी बुवा माइकपाशी आले. "चाल माझी नाही. हौसाबाईची आहे. ‘गाताना माझं नाव तरी सांगा,’ म्हणाली होती बिचारी. मी हसलो होतो."