पहिलं ‘पुरे’

सुलक्षणाने घरातली अन्नखिडकी बंद करून महिना झाला होता. बटण दाबलं की मनगटावरच्या पट्टीने भूक मोजून मिनिटभरात गरम पाकीट द्यायची ती खिडकी. पाकीट घेऊन नवरा एका खोलीत जायचा, मुलगी दुसऱ्या. आता तिघं एकत्र जेवत होते, आणि आज तिने समोरच्या फ्लॅटमधल्या खानोलकरांनाही पिठलं-भाकरी खायला बोलावलं होतं. ते कित्येक वर्षं एकटेच जेवायचे.

ती दुसऱ्यांदा वाढत असताना ते म्हणाले, “पुरे.”

तिने आणखी एक डाव पिठलं वाढलं.

खानोलकरांनी पोट भरल्यावर हिरवी झालेली मनगटावरची पट्टी तिला दाखवली. “मी पुरे म्हणालो होतो. खिडकी लगेच थांबते.”

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “पण पहिल्या पुरेला कोणी थांबतं का, काका?”

ताटातलं सगळं त्यांनी सावकाश संपवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते न बोलावता आले. पट्टी घरीच काढून ठेवली होती. सुलक्षणाने पहिलाच डाव वाढला, तेवढ्यात ते “पुरे” म्हणाले आणि तिच्या हाताकडे बघत थांबले.