ओन्नीचं धुराडं

ओन्नीच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता.

वाइनोनं बाहीनं खिडकीची काच पुसली आणि परत पाहिलं. रस्त्यापलीकडे भावाचं घर खिडक्यांपर्यंत बर्फात बुडालं होतं. धुराडं थंडगार.

"किती वेळा बघशील?" त्याची बायको साइमा चुलीपाशी उभी होती. "बघून पेटणार आहे का?"

"मी रस्ता बघतोय."

"रस्ता उरलाय कुठे?"

तेही खरंच. लेक सुपिरियरवरून बर्फ यायचा थांबतच नव्हता, आणि बर्फ ढकलणारी गाडी दोन दिवसांत फिरकली नव्हती. अशा वेळी आमच्याकडे माणसं दुसरं काय करणार, घरात बसतात आणि खातात. साइमानं मोठ्या पातेल्यात मोयाक्का चढवला होता. मांस, बटाटे, सलगम, गाजरं, सकाळपासून रटरटत होतं सगळं. वेलदोडा घातलेला पाव भट्टीत फुगला होता. एरवी वाइनोनं एव्हाना दोन वाडगे संपवून खुर्चीत घोरायला सुरुवात केली असती. आज पहिलाच वाडगा तसाच गार होत होता.

आमच्याकडे सकाळी उठलं की आधी शेजाऱ्याचं धुराडं बघतात. धूर दिसला की माणूस ठीक आहे. नाही दिसला, तर बूट चढवून निघायचं. त्या माणसाशी बोलणं आहे की नाही, याचा इथे संबंध नाही. वाइनो आणि ओन्नीचं बोलणं नव्हतंच. बापानं स्वतःच्या हातांनी बांधलेली तळ्याकाठची वाफेची न्हाणी ओन्नीनं न विचारता शहरातल्या कुणाला तरी विकली, तेव्हापासून वाइनोनं त्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. धुराडं मात्र रोज बघायचा. साइमा त्यावरून त्याला चिडवायची.

आज सकाळी धूर होता. मग फोन वाजला. वाइनोनं पडद्यावर ओन्नीचा नंबर पाहिला आणि उचलला नाही. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यानं भिंतीतली वायरच उपटली. साइमाचे हात कणकेत होते, तिनं तिथूनच त्याची खरडपट्टी काढली. त्यानंतर थोड्या वेळानं ओन्नीचा धूर एकदम थांबला. साइमानं वायर परत खोचली, तोवर लाइनच मेली होती.

तेव्हापासून वाइनोच्या येरझारा चालू होत्या. चुलीपासून खिडकी, खिडकीपासून चूल. मोयाक्का खारट झालाय म्हणाला. साइमानं अजून मीठच घातलं नव्हतं. लोकरी मोजे आणायला आतल्या खोलीकडे गेला, तर दार अडकलेलं. कालपासून ते असंच करत होतं. त्यानं खांदा लावून ढकललं आणि ओलाव्याच्या नावानं चार शिव्या हासडल्या. वर कुठेतरी लाकूड कडकन वाजलं. थंडीत वाजतंच, त्यानं लक्ष दिलं नाही.

त्याला भीती वाटत होती. गेल्या शरदात ओन्नी शिडीवरून पडला होता आणि अजून काठीवर चालत होता. आता तो चुलीपुढे आडवा पडलेला असेल. तीनदा हाक मारली त्यानं, आणि आपण वायर उपटली. हे मनात आलं की वाइनो परत खिडकीशी जायचा.

साइमानं पातेलं उतरवलं, झाकण दोरीनं बांधलं आणि अंगात कोट चढवला.

"तू कुठे निघालीस?"

"तू जात नाहीस म्हटल्यावर मी जाते."

"मी जातो. तू थांब इथे."

"तुला एकट्याला पाठवलं की दारातच भांडून परत येशील," साइमा म्हणाली. "चल, घसरगाडी काढ."

पातेलं घसरगाडीवर ठेवून दोघं निघाले. बर्फ पडायचा थांबला होता, पण वारा समोरून तोंडावर येत होता. वाइनो पुढे फावड्यानं वाट करत, मान खाली घालून. एवढासा रस्ता, पण संपता संपेना. तो जिवंत असू दे, वाइनो मनात म्हणाला, न्हाणीचं नाव पुन्हा काढणार नाही.

ओन्नीच्या दाराची कडी लावलेली नव्हती. आत बाहेरच्याइतकीच थंडी. ओन्नी कोट, टोपी, दोन घोंगड्या असा सगळा जामानिमा करून खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. चांगला शुद्धीवर, नाक तेवढं निळं. वाइनोनं फावडं भिंतीला टेकवलं. मग त्याला चुलीशेजारची लाकडांची पेटी दिसली. काठोकाठ भरलेली. त्याचं डोकंच फिरलं.

"लाकडं आहेत. काड्या आहेत. आणि चूल विझलेली?"

"मी विझवली," ओन्नी म्हणाला. "पाणी ओतून."

"म्हातारचळ लागलाय का तुला? इकडे माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं."

"फोन तू घेईनास. या पायानं मला रस्ता ओलांडता येईना." त्याचे दात वाजत होते. साइमा आत येऊन दार लावून घेत होती, तिच्याकडे बघून त्यानं मोठा श्वास सोडला. "बरं झालं, दोघंही आलात."

मग त्यानं काठीनं खिडकीकडे दाखवलं. वाइनोनं वळून पाहिलं. पलीकडे त्याच्या घराचं छप्पर बर्फाच्या भारानं मधोमध खचलं होतं, आणि तो बघत असतानाच ते सगळं स्वयंपाकघरावर खाली बसलं.