पावणेआठची दुरुस्ती

नियंत्रणकक्षाच्या पूर्वेला, छताला लागून एक अरुंद खिडकी होती. सकाळचं ऊन तिच्यातून आत यायचं ते कसलीही घाई न करता. आधी छताच्या पांढऱ्या पट्टीवर, फिकट, जवळजवळ नसल्यासारखं. मग भिंतीवरून उतरत घड्याळाच्या काचेपर्यंत. तिथं जरा रेंगाळून फायलींच्या कपाटावर, पत्र्यावरच्या जुन्या ओरखड्यांवर, कुणीतरी विसरलेल्या कपाच्या कडेवर. त्यात विशेष असं काही नव्हतं. खिडकी असेल तिथं ऊन येणारच. पण आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडे पाहावं तसा पाळीवरचा चालक आज त्या उन्हाकडे पाहत होता.

हेच ऊन शेजारच्या लेसरखोलीची भिंतही तापवायचं. मग पावणेआठच्या सुमारास बोगद्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत केसभर वाकडा व्हायचा, आणि किलोमीटरभर पलीकडे, जिथं त्याचे क्ष-किरण होत, तिथला प्रकाश मंदावायचा. गेली अकरा वर्षं त्या वेळी तो सातव्या चुंबकाचा नॉब दोन बोटांनी किंचित फिरवायचा आणि झोत सरळ करायचा. यंत्राची नाडी त्यालाच कळते, असं सगळे म्हणत. 'वैद्य' हे नावही त्यातूनच पडलेलं.

आज मात्र नॉबना हात लावायचा नव्हता. नव्या संगणकप्रणालीनं तासभर एकटीनं झोत सांभाळला, की नॉबांचं पॅनल काढून टाकायचं, असं ठरलं होतं. इलेक्ट्रिशियन पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दाराशी टेकला होता.

"वैद्यबुवा, पेशंट आता आपलं आपण औषध घेणार म्हणे."

"पावणेआठ वाजू देत," तो म्हणाला, आणि बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

प्रणाली लिहिली होती ती त्याच्या धाकट्या बहिणीनं. दोन महिने ती प्रत्येक चालकाजवळ वही घेऊन बसली होती. कोण काय फिरवतं, कधी, कशासाठी, ते उतरवून घेत. त्यानं तिला सगळं सांगितलं. पावणेआठचं तेवढं सांगितलं नाही. तिला पाढे शिकवले होते त्यानं. आणि आता आई फोनवर आधी तिच्या प्रणालीची चौकशी करी, मग त्याच्या खोकल्याची. एरवी घड्याळातून मान वर न काढणारे साहेब, ज्यांना सगळे मागून सेकंदकाटा म्हणत, तेही तिच्या टेबलाशी थांबून बोलत. ही खोली तेवढी त्याची होती. तीही तिला द्यायची, हे त्याच्यानं होईना.

ऊन कपाच्या कडेवर पोचलं, आणि पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका एका बाजूला कलला. खालचा तीव्रतेचा आकडा उतरू लागला. त्याचा हात आपोआप नॉबकडे निघाला; तो त्यानं खिशात कोंबला. मागे उभ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बहिणीकडे. ती नखं कुरतडत होती, शाळेत निकालाच्या दिवशी कुरतडायची तशी. त्याला तिची कणव आली. त्या कणवेच्या आड दडलेला आनंदही त्याला ओळखू आला, आणि त्यानं तो तसाच राहू दिला.

मग आकडा उतरायचा थांबला.

सातव्या चुंबकाला प्रणालीनं हातच लावला नव्हता. लेसरखोलीत, जिथून झोताची सुरुवात होते, तिथला एक आरसा जरासा वळवला होता. ठिपका गोल झाला. आकडा चढू लागला. रोजच्या जागी आला, आणि तिथं न थांबता आणखी वर गेला. अकरा वर्षांत तो तिथवर कधी गेला नव्हता. त्याच्या हाताखाली तरी नव्हता.

साहेबांनी दोनदा खात्री करून घेतली. मग त्यांनी बहिणीला विचारलं, की सकाळचा हा झुकाव कुणाच्याच नोंदीत नाही, तर प्रणालीला तो शोधायला सांगावं हे सुचलं कसं.

"दादाच्या हातावरून," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "पावणेआठला तो रोज नॉबकडे जायचा. त्या वेळी काहीतरी बिघडतं, एवढं त्यावरून कळलं. पुढचं शोधणं सोपं होतं. हे त्याच्याच नावावर लिहा, सर."

"म्हणजे रोग वैद्यानंच ओळखला," साहेब हसले. इलेक्ट्रिशियनही हसला. नोंदवही उघडून साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

हरणं त्यानं एक वेळ पचवलं असतं. पण तिनं हे इतक्या सहज पुढं केलं होतं, पानातली पोळी शेजारच्याच्या पानात सरकवावी तसं, की ते त्याच्या घशाखाली उतरेना. तिच्या चेहऱ्यावर टोमणा असेल म्हणून त्यानं निरखून पाहिलं. नव्हता. ती नुसती दमलेली होती, आणि आपला भाऊ खूश झाला का, ते बघत होती.

"माझं नाव नको, सर," तो म्हणाला.

साहेबांचा हात थांबला.

"भिंत तापली की आरसा हलतो, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तरी मी नॉबच फिरवत राहिलो."