घोटभर खरं

"वहिनी, काढा प्यायल्यासारखं तोंड करू नकोस. लोक बघतायत," नणंद कुजबुजली.

"काढा परवडला, वन्सं. तो निदान चमच्याने देतात."

तरी तिने आणखी एक घोट घेतला. आजची ही दुसरी टॅपरूम. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, भिंतीतून निघालेले नळ, आणि तिथे बनलेली बिअर तिथेच ग्लासात. आजूबाजूला सगळी पोरं तिच्या मुलाच्या वयाची. त्यांच्यात या दोघी साठीच्या बायका, एकीच्या गुडघ्याला पट्टा, आणि दोघींत मिळून एक छोटा ग्लास.

बिअर बनवणं हाच तिच्या मुलाचा धंदा. तिने त्याला कधी नाही म्हटलं नाही, पण त्याच्या टॅपरूममध्ये पाऊलही टाकलं नाही. नवी बिअर झाली की तो पहिली बाटली घरी आणून द्यायचा. ती बाटली आई गुपचूप बेसिनमध्ये ओतायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची, "छान झालीये हं!" आईचंच कौतुक, त्याला चाखून बघायची काय गरज, असा तिचा हिशोब.

मग एका सकाळी त्याचाच फोन आला. तो काही बोलायच्या आत हिची गाडी सुटली. "कालची फारच छान होती रे! संपलीसुद्धा!"

मग तो म्हणाला, "आई, ती सगळीच नासली होती. पिऊ नकोस, हे सांगायला फोन केला होता."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर घरी बाटली आली नाही. कामाचं विचारलं तर "चाललंय" एवढंच. जेवायला यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, पाहुण्यासारखा ताट उचलून ठेवायचा आणि जायचा. एकुलता एक मुलगा डोळ्यांदेखत परका होत चालला होता, आणि रडून सांगावं तर कुणाला? शेवटी तिने नणंदेला सांगितलं.

नणंद जन्मभर नर्स. दुखतंय तिथेच बोट ठेवायची सवय. "इतकी वर्षं शिवणाचा क्लास घेतेस, कुठल्या मुलीला छान म्हणालीस गं आजवर? टाका वाकडा दिसला की 'उसव' म्हणतेस. पोरगा तेच ऐकत मोठा झालाय. तुझं तोंडदेखलं त्याला ओळखू येणार नाही होय?"

म्हणून हा खटाटोप. मुलासमोर जायचं ते काहीतरी कळल्यावरच, असं तिने ठरवलं. त्याआधी गावातल्या इतरांची चाखायची. आणि प्यायचं तर चालायचं, ही नर्सबाईंची अट, म्हणून सगळा प्रवास पायी.

नळापाशी उभ्या असलेल्या मुलीला दोघींची दया आली असावी. ती म्हणाली, "काकू, घाई नका करू. आधी वास घ्या. मग घोट घ्या. आणि गिळलं की थोडं थांबा, मागे काय राहतं ते बघा."

तिने तसं केलं. कडूपणा आला आणि गेला, मग भाजलेल्या पावासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळलं. पुढच्या टॅपरूममध्ये तर ती न विचारता बोलून गेली, "याला संत्र्याच्या सालीचा वास आहे." नणंद बघतच राहिली. ग्लास खाली ठेवताना तिला पहिल्यांदा वाटलं, ही चव कुणीतरी बसून, डोकं लावून आणलेली आहे. आणि आपण इतकी वर्षं मुलाची मेहनत बेसिनमध्ये ओतली. तिचे डोळे भरून आले.

"चढली वाटतं," नणंद म्हणाली आणि हात धरून तिला उठवलं.

मुलाच्या टॅपरूमपाशी येताच ती खांबाआड थांबली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" म्हणत नणंदेने दार ढकललं.

तो काउंटर पुसत होता. दोघींना बघून त्याचा चेहराच उतरला. "आई? आत्या? काय झालं? कुणाला बरं नाही का?"

"सगळे ठणठणीत आहेत. बिअर दे," आत्या म्हणाली.

त्याने सगळ्यात जास्त खपणारी बिअर भरली आणि दोघी बसल्या त्या टेबलावर आणून ठेवली. आईने वास घेतला. घोट घेतला. थांबली. भाच्याच्या चेहऱ्याकडे बघून नणंदेचंही अवसान गळालं, तिने टेबलाखालून वहिनीचा पाय दाबला, म्हणजे छान म्हण आणि सुटका कर. तो शब्द सवयीने आईच्या ओठांवर आलाही होता. तिने तो गिळला.

"वास सुरेख आहे," ती म्हणाली. "पण मागे घसा कोरडा पडतो रे. कडू जास्त झालंय. मघाशी त्या कोपऱ्यावरच्याकडे प्यायले, ती याहून बरी होती."

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. मुलगा हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. मग ते काउंटरवर टाकून आत निघून गेला.

"झालं!" नणंद म्हणाली. "इतकं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

उरलंसुरलं होतं तेही आपल्या हाताने तोडलं, असं वाटून आईने पर्स उचलली.

तेवढ्यात तो परत आला. हातात छोटा ग्लास होता, गढूळ, फेसाशिवायचा, सरळ टाकीतून काढलेला. त्याने स्टूल ओढलं, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि ग्लास तिच्यासमोर ठेवला.

"ही अजून कुणालाच दिलेली नाही," तो म्हणाला. "काहीतरी कमी आहे, आई. मला सापडत नाहीये. तू बघ."